भावाचं विमान

आयर्लंडमधल्या शॅनन गावच्या आमच्या करसल्लागार ऑफिसात तो एकदाच आला होता. सत्तरीचा माणूस, घामेजलेल्या हातात एक पत्र घट्ट धरून काउंटरपाशी उभा होता. अमेरिकेतल्या एका कौंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, ते पाठवलं होतं. खाजगी विमानावरचा स्थानिक मालमत्ता कर आज भरला नाही, तर विमान जप्त होणार होतं.

"विमान तुमचं आहे?" मी विचारलं.

"भावाचं. दोन माणसांपुरतं आहे. तो मार्चमध्ये वारला आणि ते माझ्या नावावर करून गेला."

मी ऑनलाइन फॉर्म भरत होतो, तोवर तो सारखा घड्याळ बघत टोपीची कड चुरगाळत होता. साइट दोनदा अडकली, दोन्हीदा मी फॉर्म पहिल्यापासून भरला.

"विकून का टाकत नाही? दरवर्षी ही कटकट."

त्यानं टोपी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "भाऊ दर उन्हाळ्यात अमेरिकेला बोलवायचा. म्हणायचा, एकदा तुला वरून सगळं दाखवतो. मला उडायची भयंकर भीती. मी कधी गाईंचं, कधी गुडघ्याचं कारण सांगायचो. वीस वर्षं."

कर एकदाचा भरला गेला.

"आता विमान नेणार नाहीत ना?" त्यानं तीनदा विचारलं. तीनदा मी नाही म्हटलं.

दारापर्यंत जाऊन तो परत वळला. "अमेरिकेचं तिकीट कसं काढतात?"

 मी त्याला खुर्ची दिली आणि आम्ही दोघं तारीख शोधायला बसलो.