भाग्यश्रीच्या बाजूचा वेग

हडपसरात त्या काळी डीजे म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत यायची. त्यामुळे रंगनाथतात्यांचा संभाजी डीजे झालाय ही बातमी फुटली, आणि पुढच्या लग्नसराईत त्याच्या दाराशी हळदीच्या आमंत्रणांची रीघ लागली. भावकीला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तो एका हळदीला गेला. आपल्याच पेटीतल्या तबकड्या लावल्या. थोड्या वेळाने नवरदेवाचे मामा पिवळे हात घेऊन जवळ आले आणि काळजीने म्हणाले, "संभाजीराव, मशीन अडकलंय का? मघापासनं एकच वाजतंय." त्यानंतर आमंत्रणं आपोआप बंद झाली. संभाजीनेही सुटकेचा निःश्वास सोडला.

मामांना दोष देण्यात अर्थ नाही. संभाजी जे वाजवायचा त्याला शब्द नव्हते, कडवं नव्हतं, ध्रुपद नव्हतं. यंत्रांवर रचलेलं संगीत ते. एकच ठोका चालू राहायचा आणि त्या ठोक्याच्या पोटात काहीतरी इतकं सावकाश बदलायचं, की ते कळायला माणसाने बराच वेळ गप्प बसायला हवं. हडपसरात गप्प बसणारी माणसं आधीच कमी. अख्ख्या पुण्यात या संगीतासाठी जीव टाकणारी चाळीस-पन्नास डोकी असतील, आणि ती सगळी एकमेकांना नावाने ओळखत होती.

त्याला हा नाद लागला तो गाडी चालवता चालवता. तात्यांची जमीन आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींखाली गेली, तेव्हा आळीतल्या पोरांनी बुलेट घेतल्या आणि गळ्यात साखळ्या घातल्या. संभाजीने दोन सुमो घेतल्या आणि कंपन्यांच्या लोकांची ने-आण धरली. एक गाडी तो स्वतः चालवायचा. गाडीत कुणा परदेशी साहेबाची एक कॅसेट राहिली होती, ती त्याने सहज टेपला लावली. साहेब मायदेशी निघून गेला. कॅसेटमधला ठोका मात्र संभाजीच्या डोक्यातून हलायला तयार होईना. मग त्याच ओढीने तो बुधवार पेठेत हिंडू लागला आणि तिथे त्याला दत्तप्रसाद भेटला. दत्तप्रसादचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने भाव विचारला, तर "घ्यायचंय, की नुसती चौकशी?" असं वर न बघता विचारणारा माणूस. पण त्याने संभाजीला तबकड्या वाजवायची दोन जुनी टर्नटेबलं जुळवून दिली, बसवायला म्हणून हडपसरला आला आणि कायमचा चिकटला.

टर्नटेबलं बसवली ती गोठ्यात. जमीन गेली तशी जनावरंही गेली होती आणि गोठा रिकामाच पडला होता. त्यांनी भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या. गव्हाणीची उंची अशी नेमकी निघाली, की तबकड्या तिच्यात उभ्या राहू लागल्या. तात्या एकदा दारातून डोकावले. "बैलं व्हती तवा निदान शेण तरी मिळायचं," एवढंच म्हणाले आणि परत फिरले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी गोठ्याचा उंबरा ओलांडला नाही. संभाजी वरवर हसायचा, पण हे त्याला लागलेलं होतं. आपण काय करतो ते बापाला एकदा तरी कळावं, असं त्याला फार वाटायचं.

गोठ्यातच 'गोठा रेकॉर्ड्स' निघालं. नाव दत्तप्रसादने चेष्टेत सुचवलं होतं, संभाजीने ते मनावर घेतलं. लेबल चालवणं म्हणजे दुसऱ्यांनी रचलेलं संगीत आपल्या नावाखाली काढायचं आणि ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायचं. सुरुवातीला दत्तप्रसादच्या कॉम्प्युटरवर सीड्या राइट करायच्या, हाताने पाकिटं चिकटवायची आणि ओळखीच्यांना द्यायच्या, एवढाच कारभार होता. नियमही एकच होता: ज्याने रचना केली त्याला विचारल्याशिवाय एक ठोकाही हलवायचा नाही. या नियमामागे संभाजीचं दुखणं होतं. पूर्वी त्याची स्वतःची एक रचना एका मोठ्या कंपनीने नेली होती. पुढे एका हॉटेलात पनीर टिक्क्याची वाट बघत बसलेला असताना त्याने ती ऐकली, तर तिच्यावर कुणी बाई 'जानेमन, जानेमन' करत होती. तो न जेवताच उठून आला.

भाग्यश्री त्याला गाडीतच भेटली. लातूरकडची पोरगी, कात्रजला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि हडपसरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. सकाळच्या फेरीत सगळे माना टाकून झोपलेले असायचे. ही मात्र टेपकडे कान देऊन बसायची. एके दिवशी म्हणाली, "दादा, हे तुमचंय का? मी पण करते असलं. घरी, कॉम्प्युटरवर." दुसऱ्या दिवशी तिने सीडी आणून दिली. गाडीतल्या टेपला आता सीडीही चालायची. संभाजीने ती ऐकली आणि सगळे उतरून गेल्यावर गाडी बाजूला घेऊन पुन्हा ऐकली. इतकी वर्षं आपण जे शोधत होतो ते आपल्याच गाडीत मागच्या सीटवर बसून जा-ये करत होतं, याचं त्याला हसू आलं.

तेव्हाच त्याने ठरवलं, की हिची सीडी नाही, खरीखुरी तबकडी काढायची. काळी, जड, सुईखाली फिरणारी. अशा तबकड्या छापणारा कारखाना त्याला इथे कुठे सापडला नाही. शेवटी जर्मनीतला एक मिळाला. पहिल्या बाजूला भाग्यश्रीच्या सीडीवरच्या दोन रचना घ्यायच्या ठरल्या. दुसऱ्या बाजूबद्दल संभाजी तिला म्हणाला, "ती तुझी. काय हवं ते कर आणि परस्पर कारखान्यात पाठव. मला छापून आल्यावरच ऐकव." लेबलवाल्याने असं म्हणणं म्हणजे डोळे झाकून सही करण्यासारखंच. पण त्याचा तिच्यावर तेवढा विश्वास होता.

कारखान्यातून आधी नमुन्याची तबकडी येते. ती ऐकून होकार कळवला, की मग बाकीच्या छापतात. नमुन्याच्या मधल्या कागदावर काहीच छापलेलं नसतं, नुसता पांढरा गोल. संभाजीने पहिली बाजू ऐकली. मग तबकडी उलटी केली आणि दुसरी लावली.

ती बाजू काही वेगळीच निघाली. खोल, जड ठोका. त्यावर कुठल्याशा घंटा, जशा काही पाण्याखाली वाजताहेत. त्याने दत्तप्रसादला बोलावून ऐकवलं. दत्तप्रसाद सबंध बाजूभर एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यात याहून मोठी स्तुती त्याने कुणाची केली नसेल. रविवारी दुपारी गोठ्यात नेहमीची मंडळी जमली, तेव्हा संभाजीने ती बाजू लावली आणि नाचणारी माणसं नाचायची थांबून डोळे मिटून उभी राहिली. तेवढ्यात दारातून तात्या आत आले. सिमेंटच्या पोत्यावर बसले. संपल्यावर म्हणाले, "ह्ये बरं हाय. शांत वाटतंय ऐकून."

त्याच संध्याकाळपासून फोन सुरू झाले. मुंबईचे, गोव्याचे, बंगळूरचे ओळखीचे डीजे विचारू लागले, ती दुसरी बाजू कधी येतेय?

भाग्यश्री त्या रविवारी ऑफिसात अडकली होती. ती पुढच्या रविवारी सकाळी आली, तेव्हा दत्तप्रसादही गोठ्यात होता. संभाजीने तिला मधोमध उभं केलं, लग्नात मुलीला अंतरपाटापुढे करतात तसं, आणि सुई टेकवली. भाग्यश्री ऐकत राहिली. मग म्हणाली, "दादा, हे माझं नाहीच की."

"म्हणजे?"

ती टर्नटेबलाशी आली, वाकून बघितलं आणि बटण दाबलं. ठोका एकदम पळायला लागला. घंटांचा खणखणाट झाला आणि कळलं, की त्या घंटा नव्हेतच, दुधाचे क्रेट एकमेकांवर आदळताहेत. तबकडीची पहिली बाजू तेहतीसच्या, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या, वेगाने वाजवायची होती. दुसरीवर एकच रचना, म्हणून कारखान्याने ती पंचेचाळीसच्या वेगासाठी कोरली होती. तसं त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंही होतं. पण खोका हातात आल्यावर चिठ्ठी वाचतो कोण? संभाजीने नुसती बाजू पालटली होती, वेग पालटलाच नव्हता. सगळं पुणे ज्या संगीतावर लट्टू झालं होतं, ते भाग्यश्रीने कधी केलंच नव्हतं.

तिघंही आधी पोट धरून हसले. मग दत्तप्रसाद म्हणाला, "झालं ते बरंच झालं. कागदावर तेहतीस छापून टाक."

खरंच तेवढंच करायचं होतं. तबकडी तीच, खाचा त्याच. फक्त कागदावर कुठला आकडा छापायचा, हे कारखान्याला कळवायचं होतं. कुणाला नव्याने काही करावं लागणार नव्हतं.

"पंचेचाळीस छापा," भाग्यश्री म्हणाली.

"अगं, पण लोकांना ते दुसरं आवडलंय," संभाजी काकुळतीला आला. "तू स्वतः ऐक ना परत. किती सुंदर झालंय ते!"

"सुंदर आहे, मी कुठं नाही म्हणते? पण ते मशीननं केलंय, मी नाही. दादा, सकाळी कात्रजच्या डेअरीवर जाऊन मी ते क्रेट रेकॉर्ड केलेत. बादली भरायला नळाला धार नसते, तुमची गाडी सुटायला आलेली असते, आणि मला हडपसरला पोचायचं असतं. ती माझी घाई आहे त्यात. तुम्ही नेमकी घाईच काढून टाकली." मग म्हणाली, "ऑफिसात दिवसभर मी दुसऱ्यांनी केलेलं तपासते. माझं नाव कशावरच नसतं. यावर माझं नाव येणार असेल, तर ते मी केलेलं असू दे."

"लोक घरी जाऊन हवं त्या वेगाने लावतीलच की," दत्तप्रसाद म्हणाला.

"लावू द्या. त्यांच्या घरी."

ती गेल्यावर दत्तप्रसाद म्हणाला, "लेबल तुझं आहे. आकडा तर छापायचाय, पोरीचं लग्न नाही लावायचं." कारखान्याला उत्तर द्यायचं संभाजीने लांबणीवर टाकलं. सकाळी भाग्यश्री गाडीत बसायची, टेपकडे कान द्यायची, पण विषय काढायची नाही. संभाजीला ते जास्तच टोचायचं. भांडली असती तर निदान रागावता तरी आलं असतं.

घरी वेगळाच प्रकार. तात्या जेवताना विचारायचे, "ते शांतवालं कधी निघतंय?" शेजारच्या यमुनाबाईंनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आमच्या संभाचं गाणं लागणार हाय. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते आलं होतं, आणि एका आकड्यावर अडलं होतं. लोभ सुटावा असाच तो प्रसंग होता, आणि संभाजी काही संत नव्हता. त्याने संगणकासमोर बसून तेहतीस लिहिलं. लिहून बघत बसला. आणि बघता बघता त्याला तो पनीर टिक्का आठवला. जाब विचारायला गेल्यावर त्या कंपनीच्या माणसानेही अगदी हेच म्हटलं होतं, लोकांना आवडलंय, मग तुझी तक्रार काय? आपल्याच तोंडून ते वाक्य निघालं हे आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्याने तेहतीस खोडलं, पंचेचाळीस केलं आणि पाठवून दिलं.

तबकड्या आल्या त्या रविवारी गोठा गच्च भरला होता. तात्या धुतलेलं धोतर नेसून पोत्यावर बसले होते. भाग्यश्री भिंतीला टेकून उभी होती. संभाजीने दुसरी बाजू पंचेचाळीसवर लावली. क्रेट खणखणले, ठोका धावत सुटला, आणि मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी ओरडलं, "अरे, ते हळूवालं लाव!" दोघंतिघं चहाच्या निमित्ताने बाहेर सटकली. मग आणखी काही. दत्तप्रसाद पुटपुटला, "अभिनंदन. गोठा पुन्हा रिकामा."

तात्या उठून जवळ आले. "संभा, ते दुसरं लाव की. यमुनाबाईला ऐकवायचंय."

"ते नाही लागायचं, तात्या. हे असंच आहे."

तात्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाले आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. संभाजीला वाईट वाटलं, फार वाटलं. पण आपण चुकलो, असं मात्र क्षणभरही वाटलं नाही.

मग त्याची नजर भाग्यश्रीकडे गेली. एवढ्या मोठ्या स्पीकरवर तिने आपलं काम पहिल्यांदाच सबंध ऐकलं होतं, तिने केलं तसं. ती आता भिंतीशी नव्हती. रिकाम्या झालेल्या गोठ्याच्या मधोमध एकटीच नाचत होती. ओढणी कमरेला खोचलेली, चपला कोपऱ्यात, आणि चेहऱ्यावर धावत गाडी पकडल्याचा आनंद. बाजू संपली, सुई आतल्या गोलाशी जाऊन खरखरू लागली, तरी तिचे पाय थांबेनात.

"परत लावू?" संभाजीने विचारलं.

"लावा की," ती धापा टाकत म्हणाली.

बाहेर लोक चहा पीत होते. संभाजीने सुई उचलली आणि तिच्या एकटीसाठी ती बाजू पहिल्यापासून लावली.