चार मुकी बटणं

टायपिस्ट ताईंच्या एका कानात डॉक्टर असतात आणि दुसऱ्या कानात कॉम्प्युटर. डॉक्टरांनी रेकॉर्ड करून पाठवलेलं डाव्या हेडफोनमधून ऐकायचं, हातांनी डिस्चार्ज कार्ड टाइप करायचं आणि आपण काय टाइप केलं ते उजव्या कानातल्या, स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरकडून तपासून घ्यायचं. हे सगळं एकाच वेळी चालतं. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, दोन्ही डोळे शाबूत आहेत, तरी त्यांच्या निम्मीसुद्धा कार्डं माझ्याकडून होत नाहीत. त्यांचा स्क्रीन रीडर फुकटात मिळणारा, आवाज पत्र्यासारखा, आणि वेग असा की नवीन माणसाला वाटावं मशीन बिघडलं. एकदा आमच्या विभागाच्या साहेबांनी परस्पर तो वेग कमी करून ठेवला, 'दुरुस्ती' म्हणून. ताईंनी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची नजर तेविसाव्या वर्षी गेली. सासरे म्हणाले, "आता सूनबाई, घरात निवांत बसा." ताई म्हणाल्या, "मामंजी, डोळे गेलेत, बोटं नाहीत गेली." आणि दुसऱ्या महिन्यात टायपिंगच्या क्लासला जाऊन बसल्या. सासरे आठवडाभर धुसफुसले. मग स्वतःच सोडायला जाऊ लागले.

तर यंदा हॉस्पिटलने कार्डाचा नवा फॉर्म आणला. दिसायला देखणा. खाली चार बटणं, त्यांवर नुसती चित्रं. आपल्याला चित्र दिसतं म्हणून कळतं की हे सेव्ह आणि हे रद्द. पण बनवणाऱ्याने त्या चित्रांना नावंच दिली नव्हती, त्यामुळे ताईंच्या कानात फक्त "बटण, बटण, बटण, बटण." मग मी काय केलं? प्रत्येक कार्ड झालं की हात लांब करून त्यांच्यासाठी सेव्ह दाबत राहिले. अकरा दिवस. मला वाटत होतं, मी मोठी मदत करते आहे.

ताईंची कार्डं मी सेव्ह करते, हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी फर्मान काढलं: ताईंचा फुकटचा स्क्रीन रीडर नव्या फॉर्मला पुरा पडत नाही. एका कंपनीचा महागडा मागवून दोन्हींची तुलना करू. त्यावरही जमलं नाही, तर ताईंनी एक तारखेपासून चौकशीच्या खिडकीवर बसायचं. म्हणजे "दुसरा मजला, उजवीकडे" असं दिवसभर सांगत राहायचं.

गुरुवारी सगळे जमले. साहेब, लहान मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई, कंपनीचा माणूस आणि आम्ही दोघी. त्या माणसाने डोळे मॉनिटरला लावून, हातात माऊस धरून झकास दाखवलं. आवाज अगदी मधाळ.

"वा! किती गोड बोलते!" साहेब खूश.

"साहेब, मला सून नाही आणायची, काम करायचंय," ताई म्हणाल्या. "माऊस काढा आणि मॉनिटर बंद करा. मग दाखवा."

मॉनिटर बंद झाला आणि त्या माणसाची बोटं कीबोर्डवर हरवली. ताईंनी त्याला हळूच खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या.

एकच कार्ड त्यांनी दोन्हींवर केलं, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. ताई न्यायाने वागल्या, हे सांगायला हवं. रक्ततपासणीचा तक्ता महागड्याने नीट वाचला, कोणता आकडा कशाचा ते सांगत. फुकटचा तिथे अडखळला, तेही त्यांनी मान्य केलं. पण पुढे एका बाळाचं औषध होतं, २.५ मिलि. ताईंच्या वेगाला गोड आवाज "दोन पाच" म्हणून मोकळा झाला. मधला पॉइंट गिळला. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच.

"ते सेटिंगमध्ये बदलता येतं," कंपनीचा माणूस म्हणाला.

"येतं, मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "पण विकायला आणताना तुम्ही बदललं नव्हतं."

मग ताई खालच्या चार बटणांपाशी आल्या. फुकटचा म्हणाला, "बटण, बटण, बटण, बटण." महागडा म्हणाला तेच, फक्त मधाळ आवाजात. सवयीने माझा हात पुढे गेला.

"हात मांडीवर ठेव," त्या म्हणाल्या. माझे कान तापले.

"अहो, त्यात काय एवढं?" साहेब म्हणाले. "शेजारी आहेत ना, दाबतील त्या."

"नाही. तुम्ही दाबा, साहेब. मॉनिटर बंदच राहू दे. आवाज ऐकून सेव्ह करा."

साहेब हसत पुढे आले. टॅब दाबत गेले, चारही वेळा तेच ऐकलं, पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. त्यांचं हसू मावळलं. शेवटी तिसऱ्यावर एंटर मारलं. मी मॉनिटर लावला. फॉर्म कोरा. अख्खं कार्ड पुसलं गेलं होतं.

"मग आता," ताईंनी विचारलं, "चौकशीच्या खिडकीवर कुणाला बसवायचं?"

डॉक्टरीणबाई फस्सकन हसल्या. साहेबांनी रुमाल काढला. फॉर्म बनवणाऱ्याला तिथूनच फोन लावला गेला, आणि त्या चार बटणांना नावं घालायला त्याला वीस मिनिटं लागली. वीस! बदलीचा कागद साहेबांनी स्वतःच्या हाताने मागे घेतला. महागडा तक्त्यांसाठी घ्या, पण सेटिंग मी करणार, असं ताईंनी लिहून दिलं आणि आपल्या पत्र्याच्या आवाजाकडे परत वळल्या.

मला फार लाज वाटत होती. मी म्हटलं, "ताई, माझ्या दाबण्यानेच हे तुमच्यावर आलं. आता तुमचं काही करायला नको, बाई."

त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"करायचं ना. पुढच्या वेळी बटण दाबू नकोस. माझ्याबरोबर भांडायला ये."