हवा खाली कमी, वर जास्त

"गाडी पीत नाही, माणूस तिला पाजतो," असं आमची आत्या येता-जाता म्हणायची. तीस वर्षं तिनं गॅरेजात काढली. तिच्या बोटांच्या रेघांतलं काळं तेल साबणालाही दाद देत नसे, आणि ती ते लपवतही नसे.

एकदा शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आपली घरगाडी घेऊन आल्या. गाडी कसली, चाकांवरची खोलीच. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं.

"विकायची आहे," बाई म्हणाल्या. "लिटरला सहा किलोमीटर देते. पेन्शनीत भागत नाही."

"मग ताईंकडे कशा जाणार?" आत्यानं विचारलं.

बाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्या खोलीत दुसरी खाट मावत नसे, म्हणून बाई वर्षातले दोन महिने अंगणात गाडी लावून तिच्याजवळ राहत.

आत्या गाडीभोवती सावकाश फिरली. हवेचं माप चाकांना लावलं, टपाकडे पाहिलं.

"बाई, हवेची गडबड आहे. खाली कमी, वर जास्त."

"म्हणजे?"

"चाकांत हवा नाही, आणि टपावरची पेटी वाऱ्याशी कुस्ती खेळतेय. इंजिन बिचारं दोन्हीकडून मार खातं."

पेटी उतरली. मग सामान उतरू लागलं. चार लोखंडी तवे, तीन गाद्या, शिलाई मशीन.

"भेटीला जाता की नांदायला?" आत्या म्हणाली.

आरामखुर्चीला तिनं हात घातला तशा बाई आडव्या आल्या. "ही ह्यांची आहे."

"मग राहू दे. पण पाण्याची टाकी काठोकाठ कशाला?"

"घरात पाणी भरलेलं असावं."

"ताईंकडे नळ नाही का?"

बाई पहिल्यांदा हसल्या. ऐंशी लिटर पाणी झाडांना गेलं.

चाकांत हवा भरून आत्या म्हणाली, "वेगाचा काटा सत्तरच्या वर न्यायचा नाही. मुलांना व्हरांड्यात पळू देत नव्हतात, आता स्वतः पळू नका."

दुसऱ्या दिवशी डिझेलची टाकी गच्च भरून बाई शंभर किलोमीटर फिरून आल्या. पुन्हा गच्च भरायला बाराच लिटर लागलं. बाईंनी भागाकार दोनदा केला. लिटरला आठच्या वर. मग त्यांनी गॅरेजात येऊन तिथूनच फोन लावला. "ताई, येतेय मी. हो, गाडी घेऊनच."

आत्यानं हात पुसले, डबा उचलला आणि घराकडे चालू लागली. बाईंनी इंजिन सुरू केलं होतं, ते बंद केलं, आणि आत्या वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून पाहत राहिल्या.