कुंभारणीच्या घरातली अळी

माझ्या गोष्टींत परी कधी आली नाही. मला ती जमायचीच नाही. डोंगळे मात्र जमायचे, त्यांची मी राजाची फौज केली. शेणकिडा चंद्र ढकलत न्यायचा, आणि खाटेतले ढेकूण म्हणजे गिरणीतले रात्रपाळीवाले, दिवसभर झोपून असायचे. शाळा माझी चौथीपर्यंत, राजवाडे मी कुठं बघितलेत? पण दोन खोल्यांच्या घरात किडामुंगी मुबलक होती.

या गोष्टी मी रचल्या त्या एकीसाठी. सत्तरच्या पुढची सालं. मला बिजवराला दिली होती. माढ्याकडून सोलापुरात नांदायला आले, तेव्हा घरात यांच्या पहिल्या बायकोची सहा वर्षांची मुलगी होती. ती मला आई म्हणेना. आई सोडा, काहीच म्हणायची नाही. भूक लागली की दारात उभी राहून, "ओ, भाकरी," एवढंच. शेजारीण टोचायची, "अजून ओ-च का गं?" मी हसण्यावारी न्यायची, पण लागायचं.

एकदा चौकटीवर कुंभारीण माशीनं घर बांधायला घेतलं. रांजणाखालचा चिखल एवढा-एवढासा उचलून आणायची आणि लिंपताना घूं घूं करायची. शेजारी यंत्रमागांची खडखड सदाची, पण वीज गेली की तिचा आवाज घरभर ऐकू यायचा. तो अजून माझ्या कानात आहे बघा. आमच्याकडं लहानपणापासून सांगायचे, की कुंभारीण परकी अळी आणून घरात ठेवते, तिच्यापाशी गुणगुणत राहते, आणि ऐकून ऐकून अळीचीच कुंभारीण होते. कीर्तनातही हेच ऐकलेलं. मला वाटलं, हीच आपली गोष्ट.

मग काय, फुलवली. मातीचा महाल, गाण्यानं उघडणारी दारं, रडकी हिरवी अळी, आणि शेवटी तिची बारीक कमरेची, सोनेरी पंखांची राजकन्या. पोरगी ऐकायची बरं का. जवळ नाही यायची, पण उंबऱ्यावरून रोज थोडी पुढं सरकायची.

एक दिवस शाळेतून आली ती तणतणत.

"बाई म्हणाल्या, कुंभारीण अळीला डंख मारती. मग तिची पिल्लं अळीला खात्यात. तुमी खोटं सांगितलं."

"बाईंनी बघितलंय व्हय?"

"मी बघते की," म्हणाली, डब्यावर चढली आणि झाडूच्या काडीनं घर फोडलं. आत खरंच अळ्या होत्या, निपचित. एक जराशी हलली.

सावत्र आईनं सांगितलेली गोष्ट, आणि तिच्या पोटात हे. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, त्या बघण्याचा अर्थ मला पुरता कळला. मग बरेच दिवस ती गोष्टीला आली नाही. मीही बोलावलं नाही.

एका दुपारी शेंगा भाजत होते, तर पायरीवर तिचा आवाज. भोवती शेजारची पोरं. गोष्ट माझी, महाल माझा, अळी मात्र तिची.

"अळी म्हणली, मला खाऊ नको, आन् कुंभारीण बी करू नको. मी फुलपाखराची हाय. मला माझेच पंख येणार हायत."

"मग कुंभारीण काय म्हणली?"

"म्हणली, बरं. तवर ऱ्हा की हितंच."

माझा हात कढईत तसाच थांबला. मी इतके दिवस कशासाठी गुणगुणत होते, ते पोरीला कळलं होतं तर.

एका पोरानं विचारलं, "मग अळी तिला आई म्हणती का?"

ती म्हणाली, "आई कशी म्हणंल? तिची आई फुलपाखरू हुती. मावशी म्हणती." आणि मागं न बघताच आवाज दिला, "मावशी, ह्यांना शेंगा द्या की. करपल्याचा वास येतोय."

काळ्या झालेल्या निवडून टाकल्या, आणि बाकीच्या पदरात घेऊन मी पायरीवर, तिच्या शेजारी जाऊन बसले.