अर्धं जळालेलं पुस्तक

पाचट पेटल्याचा वास आला की माझा गाल अजून चरचरतो. वरकुट्यात ऊस तुटून गेल्यावर वडिलांनी रानात उरलेल्या वाळक्या पाल्याला, पाचटाला काडी लावली आणि मी किंचाळले. कामाच्या वेळी वाचताना दिसलं तर मार पडायचा, म्हणून शाळेच्या ग्रंथालयातलं गोष्टीचं पुस्तक मी त्या पाचटातच लपवलं होतं. मी जाळाकडं धावले, तर वडिलांनी वेणीला धरून मागं ओढलं आणि ओठ फुटेस्तोवर मारलं. मग स्वतःच आत घुसले, हात भाजून घेत पुस्तक काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं. "वाच आता!" रक्त गिळत मी जळक्या पानापर्यंत वाचलं. बादलीत हात बुडवून बसलेले, अक्षरओळख नसलेले वडील खेकसले, "थांबलीस का? फुडं काय झालं?" परवा बारामतीच्या ग्रंथालयात त्याच पुस्तकाची धड प्रत सापडली आणि मी शेवट वाचला. वडील आता थकलेत, अधूनमधून अजून विचारतात. मी सांगणार नाही.