सड्यावरच्या रिसॉर्टला आम्ही कधी हो म्हटलं?

मंडळी, आज आमच्या गावच्या देवळात आम्हीच शूट केलेली फिल्म दाखवली. एका संस्थेने आम्हाला मोबाईलवर शूटिंग शिकवलं. "तुमचा आवाज, तुमची गोष्ट," म्हणत होते. एडिटिंग मात्र त्यांनीच केलं.

शूटिंगला सुरुवात करताना रिवाजाप्रमाणे दिनूकाकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. "सगळ्यांना सुखी ठेव," म्हटल्यावर आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "होय महाराजा." ते मीच शूट केलं होतं.

आज पडद्यावर निवेदक विचारतो, "सड्यावर रिसॉर्ट यावं असं गावाला वाटतं का?" आणि लगेच अख्खा गाव हात जोडून, "होय महाराजा."

त्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, आमची गुरं चरतात. रिसॉर्टचं नावसुद्धा कोणी आमच्यासमोर काढलं नव्हतं.

दिनूकाका मला म्हणाले, "अगो, मी देवाशी बोलत होतो. हा मध्ये कोण विचारणारा?"

संस्थेच्या मॅडम हसून म्हणाल्या, "तिथे छान बसलं, म्हणून ठेवलं." असेलही. पण फिल्म कोणाला दाखवणार म्हटल्यावर त्यांनी चहाचा विषय काढला.

निघताना मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जुने व्हिडिओ डिलीट करून टाक गं, उगाच मोबाईल भरतो."

माझा मोबाईल भरला नाहीये. गाऱ्हाण्याचा अख्खा व्हिडिओ खाली टाकतेय. बघा आणि सांगा, आम्ही हो कशाला म्हटलं?