पद्मीचं ताट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे अडथळा नको! माझी ही फजिती आमच्या घरातल्या पोरासोरांना तोंडपाठ आहे. पण ती सांगताना सगळे आपापलं तिखटमीठ लावतात. तेव्हा आज खुद्द आरोपीच्या तोंडून ऐका.

इंग्रजांचं राज्य होतं. मी सदलग्यात विशीतला गडी, खाऊन पिऊन मजबूत. खाऊन म्हणजे किती, तर एका लग्नात मी चौदा पोळ्या रिचवल्या आणि समोरच्या पंगतीत नेमकं कोण बसलेलं? बोरगावचे बाबगोंडा आप्पा! त्यांच्याच पोरीचं माझ्यासाठी बोलणं चाललं होतं हो. ती पोरगी मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, एकदाच पाहिली होती. तेव्हापासून माझा जीव तिच्यात अडकला होता, उगाच कशाला लपवू?

चार दिवसांनी आप्पांचा निरोप आला, "पोरगा चांगला हाय, पर जिभंवर ताबा न्हाय. इचार करून सांगतो."

झालं! मी घरात जाहीर करून टाकलं, यंदा अनंत चतुर्दशीला कडक उपवास करणार. आता आमचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी चापायचा उपवास नव्हे. आदल्या दिवशी दुपारी एकदाच जेवायचं, ते एकदम चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. मधे अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आप्पांना पारण्याचं आवतण गेलं. ते म्हणाले, "आदल्या सांजंलाच येतो. बघू तरी."

चतुर्दशीची दुपार मी कशीबशी रेटली. पण चारच्या सुमाराला मला बंद डब्यातल्या गुळाचा वास यायला लागला. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, पडून मी आढ्याच्या तुळया मोजत होतो, तेवढ्यात आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सणाला माहेरी आलती. बरोबर तिची पद्मी, अडीच वर्षांची. ह्या पद्मीला जेवू घालणं म्हणजे काय सांगू! घास घ्यायची, गालात साठवायची, आणि तासाभरानं तुमच्याच धोतरावर परत करायची. आख्ख्या गल्लीनं तिच्यापुढं हात टेकले होते.

"नेमू, आमी समद्या बस्तीत पूजेला निघालोय. दिवस बुडायच्या आत हिला भरव," आक्का म्हणाली. "सकाळधरनं पोटात काय न्हाय तिच्या." आमच्या घरात दिवस मावळला की चूल बंद. लहान पोरांनासुद्धा मग सकाळपर्यंत अन्न मिळायचं नाही.

"आक्का, मी उपाशी हाय गं!"

"म्हणून तर! येरवी तुला ताटाम्होरं बसवायची सोय हाय व्हय? आज ताट शाबूत ऱ्हाईल."

बायका गेल्या. पद्मी, मी आणि ताट, तिघंच उरलो. ताटात मऊ भात, वरण, वर तुपाची धार, आणि वाटीत हुग्गी. हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. मी देवाचं नाव घेतलं आणि घास केला.

"हा घास चिऊचा!"

पद्मीनं ओठ मिटले.

"हा काऊचा!"

तिनं मान फिरवली.

"बरं, म्हशीचा?"

"मामाचा!"

"मामाचा उपास हाय गं बाई."

"मामाचा!" तिनं माझं मनगटच धरलं.

मी म्हटलं, नुसतं खोटं खोटं करू, त्यात काय बिघडतंय? आ वासला, घास ओठापर्यंत नेला आणि परत आणला. पद्मी खदखदून हसली. "आनी!" म्हणाली. पुन्हा नेला, पुन्हा आणला. "आनी!" तिसऱ्या खेपेपर्यंत सगळं ठीक होतं. चौथ्या खेपेला हात परत आला, पण रिकामा!

शपथेवर सांगतो, मला कळलंसुद्धा नाही. हाताला वीस वर्षांची सवय, त्याला चतुर्दशी काय ठाऊक? मी आपला "चिऊचा, काऊचा" म्हणतोय, आणि चिऊ मीच, काऊ मीच, म्हैसही मीच! भात गेला, वरण गेलं, हुग्गी गेली. पद्मी टाळ्या पिटतेय. शेवटी वाटीत बोट फिरवलं, तोंडात घातलं, आणि तसाच थिजलो.

अरे देवा! आपला उपवास!

तेवढ्यात दारात आक्का. तिनं ताट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आगं आई गं! समदं संपवलं माझ्या लेकीनं?"

"आक्का, ते काय झालं..."

"गप! तुझ्या उपासाच्या हाताचा गुण हाय ह्यो!" आणि तिथूनच शेजारी हाक, "सरूकाकी! पद्मीनं ताट चाटून पुसून खाल्लं! नेमूच्या हातनं!"

सांगायलाच हवं होतं, कबूल. पण सरूकाकी नातवाला काखोटीला मारून आलीसुद्धा! "माझ्या बाळ्यालाबी दोन घास घाल रं पुण्यवाना." तिच्या मागं आणखी दोघी, पोरं आणि ताटं घेऊन. तिन्ही पोरं एका ओळीत बसली आणि एकमेकांकडं बघून चढाओढीनं जेवायला लागली! आता माझा गुण कोण नाकारणार?

मला मात्र ढेकर येत होता. मी ओठ घट्ट दाबून धरले. "बघा गं," सरूकाकी म्हणाली, "अन्न हातात हाय, पर त्वांड कसं मिटून घेतलंय!"

अशात दारात छकडा थांबला. बोरगावचे आप्पा! बायकांनी त्यांना खाली उतरूसुद्धा दिलं नाही, दोन्ही बाजूंनी माझं गुणगान. सोप्यात आल्यावर आप्पांनी माझ्याकडं नव्या नजरेनं पाहिलं.

"कालधरनं पानीबी न्हाय?"

मी जोरात मान हलवली. पाणी खरंच प्यालो नव्हतो!

"मला वाटलं न्हवतं," आप्पा हळूच म्हणाले. "माझी पोरगी तुझ्या घरात..."

आणि तेवढ्यात, जन्मात जेवण न मागणारी पद्मी आक्काचा पदर ओढत म्हणाली, "आई, भूक."

"आताच ताटभर खाल्लंस की! पोट फुगंल. आता सकाळी."

"भूक!" पद्मीनं भोकाड पसरलं.

मी बाहेर बघितलं. सूर्य चिंचेमागं निम्मा गेला होता. आता गप्प बसलो तर बोरगावची पोरगी माझी. बोललो तर गेली. पण हे एवढंसं लेकरू माझ्यापायी रात्रभर उपाशी?  आणि तिचाच भात माझ्या पोटात!

मी सांगायला तोंड उघडलं. आधी बाहेर पडला तो ढेकर. चांगला लांबलचक, तुपाचा!

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"पद्मीचं ताट मी खाल्लं," मी म्हटलं. "समदं. ती सकाळधरनं उपाशी हाय. आक्का, आधी वाढ तिला, दिवस बुडतोय!"

आक्का चुलीकडं धावली. सरूकाकीनं नातवाचं ताट झटकन आपल्याकडं ओढलं, "बाळ्या, सांभाळ रं!" पद्मी दोन्ही हातांनी जेवली, एक शीत न सांडता. आणि कशी? माझ्याकडं पाठ करून!

मी आप्पांच्या पायांकडं बघत उभा. कानशिलं तापलेली. म्हटलं, संपलं आपलं.

कुणीतरी फुसफुसतंय असं वाटलं. वर बघितलं तर आप्पा! उपरणं तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

"उपास काय तुला जमायचा न्हाय," ते म्हणाले. "पर पोराच्या भुकेपायी अब्रू घालवलीस, तेवढं बास. पोरगी देतो. सैपाक जरा जास्त करायला सांगतो तिला."

लग्न झालं. चार पोरं झाली. पण आजतागायत मी एखाद्या पोराला भरवायला बसलो, की आतून आधी बायकोचा आवाज येतो, "थांबा! आदुगर तुमी जेवून घ्या!"